जुलाब थांबल्यावर सुजलेला गुडघा आणि अँटिबायोटिक

नमस्कार. जुलाबानंतर येणाऱ्या सांधेसुजीत (रिअ‍ॅक्टिव्ह आर्थ्रायटिस) अँटिबायोटिक नको, या माझ्या लेखावर ‘सांधा सुजला म्हणजे जंतू तिथे पोचलेत, मग अँटिबायोटिक नको म्हणणं बेजबाबदारपणाचं आहे, आणि मुंबईत पावसाळ्यात सांधे धरले तर तो चिकुनगुनियाच,’ असं तुम्ही लिहिलंय. पहिल्या मुद्द्यामागची काळजी रास्त आहे, म्हणून आधी तोच घेतो.

साल्मोनेला, शिगेला, कॅम्पिलोबॅक्टर किंवा येर्सिनिया या जंतूंच्या जुलाबानंतर साधारण एक ते चार आठवड्यांनी या आजारात सांधा सुजतो. त्यातलं पाणी काढून कल्चरला (जंतू वाढतात का ते पाहायला) लावलं तर काही उगवत नाही. जंतूंच्या आवरणाचे अंश सांध्याच्या अस्तरात सापडतात, पण सूज आणते ती आपलीच प्रतिकारशक्ती. म्हणूनच सिप्रोफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक तीन महिने देऊनही चाचण्यांमध्ये अशा रुग्णांना फायदा दिसला नाही. उलट हे औषध टाचेमागच्या स्नायुबंधाला इजा करू शकतं, आणि या आजारात बऱ्याचदा नेमका तोच आधीपासून सुजलेला असतो.

एका बाबतीत मात्र तुमचं बरोबर आहे. एकच सांधा गरम, लाल, पाय टेकवत नाही आणि सोबत ताप, असं असेल तर सांध्यात खरोखर पू असू शकतो. साल्मोनेलाही कधीकधी थेट सांध्यात शिरतो. त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायचं. सुईने पाणी काढून पेशी, ग्रॅम स्टेन (जंतू रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहणं), कल्चर आणि क्रिस्टल (स्फटिक) तपासायचे, आणि शक्यतो अँटिबायोटिकचा पहिला डोस त्यानंतर. मेडिकलमधून परस्पर आणलेल्या दोन गोळ्या आधीच पोटात गेल्या, तर कल्चर कोरं येऊन निदान हातचं जाऊ शकतं.

चिकुनगुनियात ताप आणि सांधेदुखी बहुधा एकदमच येतात, आणि दोन्ही मनगटं, बोटं, घोटे धरतात. रिअ‍ॅक्टिव्ह आर्थ्रायटिसमध्ये ताप-जुलाब आधीच होऊन गेलेले असतात; मग एक गुडघा, एखादा घोटा, सकाळी पलंगावरून उतरताना टाच. तोवर शौचाच्या तपासणीत बहुतेकदा जंतू मिळत नाही, म्हणून गेल्या महिन्यातल्या जुलाबांबद्दल डॉक्टरांना आपणहून सांगा. एचएलए-बी२७ ही रक्तातली जनुकीय तपासणी पॉझिटिव्ह आली, एवढ्यावर निदान होत नाही.

औषध म्हणजे मुख्यतः सूज उतरवणारी गोळी, उदाहरणार्थ नेप्रोक्सेन ५०० मिलिग्रॅम दोनदा, जेवणानंतर. मूत्रपिंडाचा त्रास किंवा अल्सर असेल तर नको. अंगात ताप असेल तर डेंग्यू नाही हे कळेपर्यंत फक्त पॅरासिटामॉल, कारण डेंग्यूत अशा गोळ्यांनी रक्तस्राव वाढू शकतो. बहुतेकांचा सांधा सहा महिने ते वर्षभरात उतरतो. डोळा लाल होऊन उजेड सहन होईनासा झाला, तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे.

सुईने तपासणी करण्याचा मुद्दा मूळ लेखात फार खाली राहिला होता. तुमच्यामुळे तो आता त्या लेखाच्या पहिल्या परिच्छेदात घेतलाय.