डोक्यावरचा स्लॅब

माणसाचं डोकं वरून गोल असतं, आणि त्यामुळे कुणाचं काही अडत नव्हतं. तरी १९५० च्या दशकात अमेरिकन न्हाव्यांनी ते सपाट करायचं मनावर घेतलं. महायुद्धातून परतलेल्या पोरांना बारीक केसांची सवय होतीच. त्यांच्या कानशिलांवर मशीन मारायचं, वरचे केस ताठ उभे करायचे आणि सगळे एका पातळीत छाटायचे. बघणाऱ्याला वाटावं, गड्याच्या डोक्यावर स्लॅब पडलाय. ह्याला म्हणतात फ्लॅट टॉप. लांबून बघणारा म्हणतो, काय बिनधास्त माणूस आहे, केसांची कटकटच ठेवली नाही! माझ्या बायकोची वेणी कंबरेपर्यंत आहे, आणि सकाळी आरसा मोकळा व्हायची वाट ती बघत असते.

हे खूळ माझ्या डोक्यात शिरलं ते मिरजेत, व्हिडिओ गेमच्या पार्लरमध्ये. १९९१ साली आलेल्या 'स्ट्रीट फायटर टू'मध्ये गाईल नावाचा अमेरिकन हवाई दलाचा अधिकारी होता. त्याचे सोनेरी केस कपाळापासून जे सरळ वर जायचे ते एकदम सपाटच व्हायचे. कितीही लाथा खाल्ल्या तरी केस हलायचे नाहीत. मी आमच्या न्हाव्याकडे जाऊन हाताने हवेत आकार काढून दाखवला. त्याने माझं डोकं खाली दाबलं, बोटांनी चाचपलं आणि म्हणाला, "बाळ, तुला दोन भोवरे आहेत. एक वेळ दोन लग्नं होतील, पण हे नाही व्हायचं." आणि नेहमीचा कट मारून वर तुरटी फिरवली.

नशीब बघा, नोकरीने मला आणून टाकलं ते टेक्सासमध्ये, सॅन अँटोनियोला. हे गाव लष्कराचं. अमेरिकेच्या हवाई दलात शिपाई म्हणून भरती होणारा प्रत्येक जण पहिली कवायत करतो ती इथल्या लॅकलंड तळावर. म्हणजे गाईलच्या खात्याचं माहेरच. त्यामुळे दाराशी लाल-पांढरा-निळा खांब फिरतोय, आत बार्बिसाइड नावाच्या जंतुनाशकाच्या निळ्या पाण्यात कंगवे बुडवलेत, अशी जुनी दुकानं इथं अजून आहेत. हे निळं पाणी १९४७ पासून चालत आलंय. माझ्या न्हाव्याकडची बरणीही त्याच साली भरली असावी, असा मला संशय आहे.

न्हावी सत्तरी ओलांडलेला, माजी सैनिक, स्वतः पूर्ण टकला. दुकान त्याच्या वडिलांपासूनचं. त्याच्यासमोर बीटल्स ह्या इंग्लिश बँडचं नाव काढायचं नाही. ९ फेब्रुवारी १९६४ ला ती चार लांब केसांची पोरं अमेरिकेच्या टीव्हीवर पहिल्यांदा थेट झळकली, सात कोटींवर लोकांनी ती पाहिली, आणि पुढे देशभरातल्या पोरांनी केस वाढवायला घेतले. वडिलांच्या खुर्च्या रिकाम्या पडल्या त्या त्या दिवसापासून, असं त्याचं म्हणणं. १९८० च्या दशकात कृष्णवर्णीय तरुणांनी फ्लॅट टॉप परत आणला, तोही वीतभर उंच, तेव्हा कुठे ह्याचा जीव भांड्यात पडला. ग्रेस जोन्स ह्या फ्लॅट टॉपवाल्या गायिकेचा फोटो आरशाच्या कोपऱ्यात खोचलेला आहे. "ह्या बाईची कड बघ," म्हणतो, "बोट लावलंस तर कापेल."

माझेही भोवरे त्याने चाचपले. दोन निघाल्यावर लग्नाचा विषय निघाला नाही. नुसतं "हं" म्हणाला आणि बाह्या सरसावल्या.

आता ही कारागिरी जवळून सांगण्यासारखी आहे. आधी केस ओले करून ड्रायर आणि ब्रशने उलट्या दिशेने वर ओढत वाळवतात. आपल्या केसांना जन्मापासून आडवं पडायची सवय, ते का ऐकतात? पुन्हा ओले, पुन्हा वर. ते उभे राहिले की बाजू साफ. मग तो एक रुंद कंगवा आडवा धरतो आणि कंगव्याच्या वर डोकावणारे केस मशीनने उडवतो. त्यानंतर गुडघ्यात वाकून, एक डोळा मिटून माझ्या टाळूच्या पातळीला येतो. एखादा चुकार केस सापडला की मशीनची नुसती कड लावतो. तेवढा वेळ मी मान हलवायची नाही. श्वास घ्यायला परवानगी आहे, पण हळू.

गंमत अशी की सपाट दिसायला केस सारखे नसावेच लागतात. डोकं मध्ये उंच, कडेला उतरतं. म्हणून कपाळाच्या दोन्ही कोपऱ्यांवर केस सर्वात लांब, आणि टाळूवर इतके तोकडे की कातडी दिसते. ह्या उघड्या पट्ट्याला इथले न्हावी लँडिंग स्ट्रिप म्हणतात. ती दिसली तर काम अस्सल, असं मानणारे जाणकार आहेत. बायको जाणकार नाही. तिने मागून पाहिलं आणि हळूच विचारलं, "अरे, टक्कल पडायला लागलं का?"

व्हिडिओ कॉलवर आईने आधी घरात सगळे सुखरूप आहेत ना, ते विचारून घेतलं. बाबा सार्वजनिक बांधकाम खात्यातून ओव्हरसियर म्हणून निवृत्त झालेत. त्यांनी चष्मा लावला, फोन लांब धरला आणि म्हणाले, "ढाळ कुठे दिलाय? पाणी साचेल."

पाणी नाही, मेण साचतं. केस दिवसभर ताठ ठेवायचे तर पुढच्या कडेला बुच वॅक्स लावावं लागतं. बोटावर घ्यायचं, तळव्यांवर चोळून मऊ करायचं, मुळापासून वर ओढायचं आणि मग ब्रश. आमच्याकडे उन्हाळ्यात पारा कितीतरी दिवस अडतीसच्या पुढे असतो. पार्किंगपासून ऑफिसच्या दारापर्यंत जाता जाता मेण ढिलं होतं आणि उजवा कोपरा खाली बसतो. बरं, हे मेण शाम्पूला दाद देत नाही. मेण पाण्यात विरघळत नाही, ते निघतं तेलाने. म्हणजे खोबरेल चोळा, थोडं थांबा, मग शाम्पू. आईला सांगितलं तर तिचा कंठ दाटून आला. शाळेपासून ती माझ्या डोक्याला तेल लावायला मागे धावली, मी पळालो. शेवटी अमेरिकन मेणाने तिची इच्छा पुरी केली.

सगळ्यात मोठा शत्रू हेडफोन. दिवसभर मीटिंगा असतात. संध्याकाळी तो पट्टा काढला की स्लॅबच्या मधोमध आरपार चर पडलेला. मी आता पट्टा मानेमागे घेऊन बसतो. ऐकू कमी येतं, पण मीटिंगांचं स्वरूप पाहता त्याने नुकसान होत नाही. कुशीवर झोपलं की कोपरा मोडतो, म्हणून उताणं झोपायचं. उताणं झोपलं की मी घोरतो, आणि पुढचं सांगण्याची गरज नाही.

शिवाय केस वाढतात. महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटीमीटर. मी इंजिनीयर, मी न्हाव्याशी वाद घातला, की सगळे केस सारखेच वाढत असतील तर सपाट ते सपाटच राहायला हवं. तो म्हणाला, "वरचे वर वाढतात. बाजूचे कुठं वाढतात?" बाजूचे बाजूला वाढतात. दहा-बारा दिवसांत कानशिलं फुगतात, कोपऱ्यांवरचे केस बाहेर कलतात आणि चौकोनाचा नारळ होतो. म्हणून दर दोन आठवड्यांनी खुर्ची, मशीन, मानेवर गरम फेस आणि वस्तरा, आणि वर टिप. ह्या पैशात मिरजेत अख्ख्या वाड्याची कटिंग होईल.

परवा न्हावी मेक्सिकोच्या आखाताच्या किनाऱ्याला मासे धरायला गेला. परत कधी येणार ते माशांवर आहे, अशी पाटी दारावर. मॉलजवळच्या सलूनमधल्या मुलीने फ्लॅट टॉप म्हटल्यावर फोन काढून शोधायला घेतलं, तेव्हा मी उठून आलो. रविवारी रात्री बायकोने घरातलं ट्रिमर उचललं. तिकडे मिरजेत सोमवारची सकाळ, बाबा चहाचा कप घेऊन व्हिडिओवर हजर.

"सूनबाई, घरात पाणसळ आहे का?"

भिंतीवर फोटो लावायला आणलेली होती. पाणसळ बसवलेला कंगवा अमेरिकेत खरोखरच मिळतो, हे मी सांगायला गेलो, पण कुणी ऐकलं नाही. बायकोने पाणसळ माझ्या डोक्यावर आडवी ठेवली.

"बुडबुडा डावीकडे आहे, बाबा."

"म्हणजे डावी बाजू वर. दोन सूत काढ."

ट्रिमर फिरलं. बुडबुडा उजवीकडे गेला.

"आता उजवीकडून एक सूत."

बुडबुडा परत डावीकडे. असं बराच वेळ चाललं. माझ्या मांडीवर केसांचा ढीग साचत होता आणि बाबांचा आवाज चढत होता. निवृत्तीनंतर इतक्या उत्साहात मी त्यांना पाहिलेलं नव्हतं. शेवटी बुडबुडा उजवीकडे सुतभर अडून राहिला, तेव्हा त्यांनी हात वर केला.

"थांब! आणखी काढलंस तर सळया उघड्या पडतील. त्याला म्हणावं, मान जराशी उजवीकडे कलती कर."

मी केली. बुडबुडा बरोबर मध्ये आला.

"पास," बाबा म्हणाले आणि चहा प्याले.

सोमवारी मी सगळ्या मीटिंगांना मान उजवीकडे कलती धरून बसलो. संपल्यावर आमच्या मॅनेजरबाईंनी मला बाजूला घेतलं. इतकं मन लावून आपलं बोलणं ऐकणारा माणूस ह्या कंपनीत आजवर भेटला नव्हता, म्हणाल्या.