बुरसलेले तांदूळ गाईलाही घालू नका

गेल्या आठवड्यात पेजेसाठी उकडे तांदूळ काढायला पिंप उघडलं आणि कुबट वास आला. वरचे तांदूळ बरे दिसत होते. हात खाली घातला तर तळाशी ओलसर ढेकळं. एक फोडलं, आत हिरवट-पिवळी भुकटी. पिंप भिंतीला चिकटून होतं आणि गोव्यातल्या आमच्या सत्तरी तालुक्याच्या पावसात ती भिंत चार महिने घाम गाळते.

सासूबाई म्हणाल्या, "चार पाण्यांनी धू, ऊन पडलं की पसर. नाहीतर गाईला घाल." त्यांच्या पिढीने हेच केलं, कारण तांदूळ टाकणं म्हणजे पाप. मलाही टाकवत नव्हते. तरी सात-आठ किलो तांदूळ मी माडाखाली खड्डा काढून पुरले.

कारण धुऊन बुरशी जाते, तिने दाण्यात सोडलेलं विष राहतं. ॲस्परजिलस जातीच्या काही बुरश्या अफ्लाटॉक्सिन तयार करतात. ते शिजवून जात नाही. ते मोडायला अडीचशे अंशांच्या आसपास उष्णता लागते, आपली पेज शंभरावर उकळते. त्याने यकृताचा कॅन्सर होतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने केव्हाच मान्य केलंय. कावीळ ब असलेल्यांना तर धोका कितीतरी जास्त. प्रत्येक हिरवी बुरशी विषारीच असते असं नाही, पण डोळ्यांनी ते ओळखता येत नाही.

1974 साली गुजरातच्या पंचमहाल आणि राजस्थानच्या बांसवाडा भागात अवेळी पावसाने मका भिजला. गरिबांनी तोच खाल्ला, दुसरं होतं काय? कावीळ झाली, पोटात पाणी झालं, शंभरावर माणसं गेली. त्याच घरांतलं उरलंसुरलं खाणारी कुत्रीही मेली.

म्हणून 'गाईला घाल' हे मला सगळ्यात जास्त खुपतं. गाईने असलं काही खाल्लं की एका दिवसात त्याचा अंश दुधात उतरतो, आणि दूध उकळून तो जात नाही. ते दूध आपलीच पोरं पितात. शेंगदाण्याच्या पेंडीचंही तेच.

आपल्याकडे सरदाचं, म्हणजे पावसाळी भात नेमकं परतीच्या पावसात कापणीला येतं. उकडून अंगणात पसरावं आणि आभाळ भरून यावं, मग घाईघाईने अर्धवट सुकलेलंच आत. साठवायच्या भातात ओलावा 14 टक्क्यांच्या आत हवा. दाताखाली कट्टकन मोडला की सुकला, हा अंदाज चांगला, पण दरवेळी पुरत नाही. ओलावा मोजायचं लहानसं यंत्र गावागावांतल्या सोसायटीत का नसावं? एका यंत्रात अख्ख्या वाड्याचं काम होईल. पंचायतीने एवढं मनावर घ्यावंच.

रेशनच्या एका दुकानात मी पोती सरळ ओल्या फरशीवर रचलेली पाहिली. बोलले, तर "इतकी वर्षं कुणी मेलं नाही" असं उत्तर आलं. असं विष थोडं थोडं पोटात गेलं तर दुखणं वीस वर्षांनी येतं, तेव्हा पोतं कुणाला आठवणार?

आमचं पिंप आता विटांवर आहे, भिंतीपासून हातभर लांब. काल गोठ्यात गेले तर सासूबाई पेंडीच्या पोत्यात नाक घालून वास घेत होत्या.