लाटा फुटत नाहीत तिथे पोरांना उतरवू नका

'सांगलीकरांनो, गोवा विसरा! गणपतीपुळे फक्त तीन तासांवर' असा मथळा असलेला एक लांबलचक मेसेज सध्या सांगली-मिरजेतल्या ग्रुपांवर फिरतोय. मलाही तो आला होता, वाचून सोडून दिला. पण परवा माझ्या वहिनीने त्याच्याच भरवशावर रविवारची गाडी ठरवली. सोबत दोन पोरं, धाकटा सात वर्षांचा. मला विचारते, "भाऊजी, यात लिहिलीय तशी लाटा नसलेली जागा नेमकी कुठे असते?" आता मात्र गप्प बसणं शक्य नाही.

तिने विचारलेली ओळच सगळ्यांत घातक आहे, म्हणून तीच आधी घेतो. मेसेज म्हणतो, 'लहान मुलं सोबत असतील तर जिथे लाटा फुटत नाहीत, पाणी सपाट दिसतं, तिथे उतरवा.' ज्याने हे लिहिलं त्याला समुद्र कळलेला नाही. लाटा एकामागून एक किनाऱ्यावर पाणी आणून टाकतात. ते पाणी परत जायला वाट शोधतं. पाण्याखाली वाळूचे उंचवटे असतात आणि दोन उंचवट्यांच्या मधे खोलगट घळ असते, त्या घळीतून ते जोरात आत ओढलं जातं. लाट उथळ जागी फुटते, खोल जागी फुटत नाही. म्हणजे दोन्ही बाजूंना फेस आणि मधेच एक शांत, जरा गडद किंवा गढूळ पट्टा दिसत असेल, तर बहुतेकदा तीच ओढीची जागा. हा मेसेज आयांना सांगतो की पोराला नेमकं तिथे सोडा.

या ओढीचा वेग किती? अमेरिकेची समुद्र आणि हवामानाचा अभ्यास करणारी सरकारी संस्था, नोआ, सांगते की एरवी सेकंदाला एक-दोन फूट, पण जोर धरला तर आठ फुटांपर्यंत. ऑलिंपिकमधला पोहणाराही त्याच्या विरुद्ध टिकत नाही. ही ओढ माणसाला खाली खेचत नाही, किनाऱ्यापासून लांब नेते. माणूस बुडतो तो घाबरून सरळ किनाऱ्याकडे हात मारत राहिल्याने आणि दमल्याने. अडकलात तर आधी तरंगत राहा, हात वर करून मदत मागा, आणि पोहता येत असेल तर किनाऱ्याला समांतर, बाजूला पोहत त्या पट्ट्यातून बाहेर पडा. मग किनाऱ्याकडे वळा. सात वर्षांच्या पोराला यातलं काय जमणार आहे?

यालाच जोडून पुढची ओळ: 'कृष्णेत पोहलेल्या सांगलीकराला समुद्राची काय भीती!' मला सगळ्यांत जास्त राग याच ओळीचा येतो, कारण आपल्याकडची तरणी पोरं हे खरं मानतात. माई घाटावर किंवा हरिपूरच्या संगमावर पोहायला शिकलेल्याला प्रवाह कळतो, हे मान्य. पण नदीची ओढ एकाच दिशेने असते आणि काठ दोन्ही बाजूंना असतो. समुद्रात लाट पुढून मारते, ओढ मागे नेते, पायाखालची वाळू सरकते, आणि काठ एकच.

'सकाळी भरती, संध्याकाळी ओहोटी, म्हणून चारनंतर पाणी सुरक्षित.' साफ चूक. दिवसात साधारण दोन भरत्या, दोन ओहोट्या होतात आणि वेळ रोज पाऊण तास, पन्नास मिनिटं पुढे सरकते. कोकणातला जुना हिशेब सोपा आहे: तिथीची पाऊणपट करा, साधारण तितक्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. त्यानंतर सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, तेव्हा पाणी जास्त चढतं आणि जास्त उतरतं. आणि ओहोटी म्हणजे सुरक्षित हे तर मुळातच खोटं, कारण पाणी उतरताना आणि ओहोटीच्या सुमारास घळीतली ओढ बऱ्याचदा वाढते.

'खाऱ्या पाण्यात माणूस बुडत नाही' म्हणे. ते मृत समुद्रात. तिथलं पाणी आपल्या समुद्राच्या जवळजवळ दहापट खारं आहे. 'पावसाळा सोडला तर समुद्र निर्धास्त' हेही तसंच. १ फेब्रुवारी २०१६ ला रायगडमधल्या मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले डझनाहून जास्त विद्यार्थी बुडून गेले. पावसाळा संपून कित्येक महिने झाले होते. मेसेज गाडी थेट वाळूवर न्या म्हणतो, त्याबद्दल एवढंच: ओल्या वाळूत चाक रुतलं की भरती तुमच्यासाठी थांबत नाही.

राहिलं अंतर. एका दिवसात जाऊन येता येतं, हे खरं आहे, ते मी नाकारत नाही. पण तीन तासांत नाही. सांगलीहून जयसिंगपूर, हातकणंगले, कोल्हापूर, मलकापूर, मग आंबा घाट, साखरपा, पाली, हातखंबा, निवळी, जाकादेवी. सगळं मिळून दोनशे किलोमीटरच्या घरात, आणि त्यात घाट. पोरं सोबत असतील तर पाच तास धरा. पहाटे चारला निघालात तर ऊन चढायच्या आत पोहोचाल. मेसेजमध्ये लिहिलंय तसं सातला निघालात तर भर दुपारी पोहोचाल, आणि परतीला घाटात अंधार पडेल.

वहिनीला मी सांगितलं, जायचं तर जाऊया. पण गणपतीपुळ्याला पाण्यात उतरू नका म्हणणारे फलक उगाच लावलेले नाहीत. देवदर्शन, वाळूत किल्ले, मोदक, सगळं करू. पाण्यात घोट्यापर्यंतच, तेही जीवरक्षक समोर असेल तिथे आणि पोराचा हात मोठ्या माणसाच्या हातात. जीवरक्षक नसेल तर तिथल्या दुकानदाराला विचारायचं, ओढ कुठे आहे ते त्याला रोज दिसतं.

तुम्ही हा मेसेज पुढे पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर आजच लिहा की सपाट पाण्याची ओळ चुकीची आहे. अंतराचं नंतर बघू.