आसुका तेरादा ‘घरी बसून’ परतली नव्हती

जपानची धावपटू आसुका तेरादा हिची एक गोष्ट लोक मोठ्या हौसेने एकमेकांना पाठवतात. लग्न झालं, मूल झालं, संसारासाठी खेळ सोडला, घरी बसली, सहा वर्षं मैदानाचं तोंड पाहिलं नाही. मग एक दिवस परतली आणि पहिल्याच दमात १०० मीटर हर्डल्सचा, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीचा, राष्ट्रीय विक्रम मोडला. खाली ठरलेली ओळ : मनात आणलं की सगळं जमतं! बाई खरी, विक्रमही खरा. मधला मजकूर मात्र सोयीने रचलेला.

आधी ते ‘मैदानाचं तोंड’. २०१३ मध्ये तिने निवृत्ती घेतली, २०१४ मध्ये मुलगी झाली आणि २०१६ च्या अखेरीस ती चक्क सेव्हन्स रग्बीत उतरली. जपानच्या राष्ट्रीय प्रशिक्षण गटापर्यंत पोचली, पाय मोडून घेतला, पुन्हा उभी राहिली. पूर्ण आकाराच्या मैदानावर प्रत्येक बाजूला फक्त सात जण, म्हणजे सामनाभर धावाधावच. याला घरी बसणं म्हणायचं असेल तर धन्य आहे.

‘पहिल्याच दमात’ हे तर त्याहून पोकळ. साप्पोरोच्या या मुलीने २००८, २००९ आणि २०१० असं सलग तीन वर्षं राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं होतं. २००९ मध्ये ग्वांगझूच्या आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत रौप्य आणि त्याच वर्षी, एकोणिसाव्या वर्षी, १३.०५ सेकंद. डिसेंबर २०१८ मध्ये ती ॲथलेटिक्सकडे परतली. ऑगस्ट २०१९ मध्ये इवोन कानाझावाच्या २००० सालच्या १३.०० या राष्ट्रीय विक्रमाशी बरोबरी केली आणि १ सप्टेंबरला १२.९७. तेरा सेकंदांपेक्षा कमी वेळ देणारी ती पहिली जपानी स्त्री ठरली. पण तिच्याच जुन्या वेळेशी ताडून बघा : दहा वर्षांत सुधारणा ०.०८ सेकंदाची.

ही ०.०८ कुठून येते, हे इच्छाशक्तीवाल्यांनी जरा समजून घ्यावं. पहिला हर्डल १३ मीटरवर, पुढे दर साडेआठ मीटरला एक, असे दहा; उंची ८३.८ सेंटिमीटर. दोन हर्डल्सच्या मध्ये पावलं तीनच. पायात वेग आला म्हणून पाऊल लांब पडलं की पुढचा हर्डल अंगावर येतो. तीच तीन पावलं आखूड ठेवून झपझप टाकावी लागतात. सपाट शंभर मीटर जोरात पळणं निराळं आणि तो वेग साडेआठ मीटरांत बसवणं निराळं. तो बसवून घ्यायला दाइकी ताकानोंसारखा प्रशिक्षक आणि सोबत अख्खा चमू होता.

मला सगळ्यात जास्त खटकतं ते ‘संसारासाठी खेळ सोडला’. एकामागून एक दुखापती आणि खाण्याचा विकार, यांनी तिला २०१३ मध्ये थांबवलं. लेक त्यानंतरची. ही बाजू गाळली की तरुण मुलींचं शरीर या खेळात कसं पिळून निघतं तेही गळतं आणि उरते फक्त एक गोंडस आई.

बरं, आईपणानेच वेग आला म्हणावं, तर पुढचं कसं जमवायचं? २०२१ मध्ये तेरादाने विक्रम १२.८७ वर नेला. जपानच्याच मासुमी आओकीने त्याच वर्षी बरोबरी केली, २०२२ मध्ये १२.८६ केले. त्याच वर्षी माको फुकुबे १२.७३ वर आली आणि २०२४ मध्ये १२.६९ वर. या दोघींनी काही बाळंतपणानंतर पुनरागमन केलेलं नाही. एकमेकींच्या पाठलागात अख्खी फळीच वेगवान झाली.

काही जण तिला टोकियो ऑलिम्पिकचं पदकही देऊन टाकतात. ती उपांत्य फेरीपर्यंत गेली, तिथे १३.०६, अंतिम फेरी नाही. मात्र उपांत्य फेरी गाठणारी ती २१ वर्षांतली पहिली जपानी होती, ते कुणी लिहीत नाही.

आणि आपल्याकडे ही गोष्ट पुढे पाठवणाऱ्यांना एक शर्यत बहुधा ठाऊकच नसावी. जुलै २०२३, बँकॉक, आशियाई अजिंक्यपद स्पर्धा : सुवर्ण विशाखापट्टणमच्या ज्योती याराजीचं, १३.०९. दुसरी तेरादा, १३.१३. तिसरी आओकी.