अख्खं पान कॅश का केलं नाही: तुमच्या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार. तुमच्या दुकानाची जी साइट आम्ही बनवली, तिच्यावरचा तुमचा रिव्ह्यू नीट वाचला. तक्रारी दोन आहेत. पीएचपी ही प्रोग्रॅमिंग भाषा हाताशी असताना ट्विगचं (पानांचे साचे, म्हणजे टेम्प्लेट, लिहिण्याच्या साधनाचं) ओझं कशाला, ही एक. आणि अख्खी पानं कॅश केली असती, म्हणजे एकदा तयार झालेलं पान साठवून तेच पुन्हा दिलं असतं, तर साइट पळाली असती, ते आम्ही केलं नाही, ही दुसरी. दोन्ही निर्णय विचारपूर्वक घेतलेले आहेत.

ट्विगचं आधी सांगतो. साध्या पीएचपीत टेम्प्लेट लिहिता येतं, खरं आहे. पण ग्राहकाने भरलेला मजकूर पानावर दाखवताना तो प्रत्येक जागी आठवणीने एस्केप करावा लागतो, म्हणजे त्यातली कोडची चिन्हं निव्वळ अक्षरं म्हणून दाखवावी लागतात. एक जागा सुटली तर अभिप्रायाच्या चौकटीतून कुणीही स्क्रिप्ट (ब्राउझरमध्ये चालणारा कोड) घुसवू शकतो. ट्विगमध्ये एचटीएमएलचं एस्केपिंग मुळातच चालू असतं. पुढे टेम्प्लेटमध्ये तुमचेच लोक बदल करणार होते, त्यामुळे प्रश्न तिथेच मिटला. वेगाचं म्हणाल, तर टेम्प्लेट एकदा पीएचपीत कंपाइल (रूपांतरित) होऊन डिस्कवर राहतं आणि पीएचपीचा ऑपकॅश त्याचा बाइटकोड, म्हणजे चालवायला तयार रूप, मेमरीत धरून ठेवतो.

ही कॅश मात्र टेम्प्लेटची, तयार पानाची नव्हे. डेटाबेसमधून माहिती मागवणाऱ्या क्वेरी तरीही चालतातच. शिवाय प्रत्येक ग्राहकाला वेगळा दर दाखवायची मागणी तुमचीच होती. एकाच्या लॉगिनमध्ये तयार झालेलं पान दुसऱ्याला दिलं, तर त्याला परका दर दिसतो, परकी कार्ट दिसते, एखाद्या वेळी परका पत्तासुद्धा. हा धोका मी कुठल्याच ग्राहकाच्या साइटवर पत्करणार नाही.

म्हणून आम्ही पानाचे तुकडे कॅश केले: मेनू, वर्गवारी, वस्तूचं वर्णन. वस्तूच्या तुकड्याच्या किल्लीत, म्हणजे तो ज्या नावाने साठवतो त्यात, वस्तूचा क्रमांक आणि शेवटच्या बदलाची वेळ असते. तुम्ही वर्णन बदललं की किल्लीच बदलते. जुना तुकडा कुणी मागत नाही आणि मुदत संपली की तो जातो, कॅश हाताने पुसावी लागत नाही. दर आणि शिल्लक साठा मुद्दाम कॅशबाहेर ठेवला.

नव्या डेव्हलपरने पूर्ण पानाची कॅश लावली आणि साइट सुसाट झाली, असं तुम्ही लिहिलंय. झाली असणारच. लॉगिन न केलेल्या पाहुण्यांपुरती ती असेल तर माझी काहीच हरकत नाही. पण ती सरसकट असेल, तर कृपा करून आजच दोन वेगळ्या ब्राउझरमध्ये दोन वेगळ्या खात्यांनी लॉगिन करा, आणि कार्ट व खात्याचं पान उघडून बघा. त्या पानांच्या हेडरमध्ये (पानासोबत जाणाऱ्या सूचनांमध्ये) कॅश-कंट्रोल 'प्रायव्हेट, नो-स्टोअर' (खाजगी, साठवू नका) असायला हवं, आणि सर्व्हरच्या ज्या उत्तरात सेट-कुकी (ब्राउझरला ओळखीची खूण ठेवायला सांगणारी सूचना) आहे ते सगळ्यांच्या सामायिक कॅशेत जाता कामा नये.

कुठला तुकडा कुठल्या किल्लीखाली आहे, याचं टिपण कोडसोबत दिलेलं आहे. ते नव्या डेव्हलपरना दाखवा. काही अडलं तर त्यांनी थेट मला विचारावं, त्याचं बिल लागणार नाही.