नकार मजकुराला की माणसाला?

ताई, सप्रेम नमस्कार.

एखाद्या जातीला हिणवणारा फ्लेक्स छापायला छापखानावाल्याने नकार दिला, तर तो त्याचा हक्क आहे, असे मी लिहिले होते. त्यावर आपला आक्षेप असा, की उद्या तोच मालक आंतरजातीय जोडप्याची लग्नपत्रिकाही ‘मनाला पटत नाही’ म्हणून परत करील आणि ‘मजकूर नाकारता येतो, माणूस नाही’ हा माझा भेद त्याची पळवाट ठरेल. आपली भीती खरी आहे. शिरपूर-चोपड्याकडे वाढलेल्या कोणालाही ती समजावून सांगावी लागत नाही.

पण म्हणूनच हा भेद सोडता येत नाही. १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याने अस्पृश्यतेच्या कारणावरून वस्तू किंवा सेवा नाकारणे गुन्हा ठरवले, तेव्हा कसोटी घातली ती अशी, की इतरांना ज्या वेळी, ज्या ठिकाणी आणि ज्या अटींवर सेवा मिळते, तशीच ती या माणसालाही मिळाली पाहिजे. हीच कसोटी इथे लावू. मुक्ताईनगरकडचा माळकरी रंगारी परमिट रूमची पाटी रंगवत नसेल, तर ती तो कोणाचीच रंगवत नाही. पत्रिकावाला मात्र तोच नमुना, तोच गणपती, तोच ‘आग्रहाचे निमंत्रण’ रोज छापतो आणि फक्त दोन आडनावे पाहून हात आखडतो. तिथे मजकूर बदललेला नाही, माणसे बदलली आहेत. अशा नकाराला सद्सद्विवेकाचे नाव देणे मला अजिबात मान्य नाही.

२०१८ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने बेलफास्टच्या बेकरीच्या खटल्यात असाच विचार केला: समलिंगी विवाहाला पाठिंबा देणारे वाक्य केकवर लिहायला बेकरीने कोणत्याही गिऱ्हाइकाला नकारच दिला असता, म्हणून तो भेदभाव ठरला नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये कोलोराडोच्या वेबसाइट बनवणाऱ्या महिलेला समलिंगी विवाहांसाठी वेबसाइट न बनवण्याची जी मोकळीक दिली, ती मात्र मला खटकते, कारण लग्नाच्या साध्या तपशिलालाही तिथे बनवणाऱ्याचे मत मानले गेले.

आपल्याकडे जात, धर्म अशा कारणांवरून कुठे मज्जाव करता येणार नाही हे सांगणाऱ्या राज्यघटनेच्या अनुच्छेद १५(२) मध्ये दुकानाचा उल्लेख आहे, आणि त्या शब्दात सेवाही येतात, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये म्हटले आहे. (बालविवाहाची पत्रिका नाकारणे हा प्रश्न वेगळा; तिथे २००६ चा कायदाच आडवा येतो.)

आपला एक मुद्दा मी पूर्ण मान्य करतो: ज्या गावात छापखाना एकच आहे, तिथे मजकुराला दिलेला रास्त नकारही गिऱ्हाइकाला जड जातो. म्हणून मालकाने तो आगाऊ रक्कम घेण्याआधी, कारणासह आणि चारचौघांत मान खाली घालायला न लावता सांगावा, एवढी अपेक्षा मी त्याच्याकडून नक्कीच धरतो.