दुर्बिणीतनं तर केलंय की!

आज ऑफिस सुटल्यावर आमच्यातल्या एका पोराला बघायला गेलो होतो. पस्तिशीचा आहे, नाव लिहीत नाही. पोट लहान करायचं ऑपरेशन झालंय त्याचं, आज पाचवा दिवस. परवा घरी सोडलंय. दारात चपलांचा ढीग, आत आठ माणसं, टीव्ही चालू. पोरगा सोफ्यावर अर्धवट आडवा, चेहरा उतरलेला, एका हातानं डावा खांदा धरून बसलेला. आणि समोरच्या खुर्चीत त्याचे चुलते चहात बिस्कीट बुडवत सांगतायत, "दुर्बिणीतनं तर केलंय की! त्यात काय एवढं? आमच्या वेळी वीतभर फाडायचे."

तिथं काही बोललो नाही. वयानं मोठे आहेत, आणि त्यांच्या घरात जाऊन मी काय बोलणार. म्हणून इथं बोलतो. त्यांच्या पुतण्यानं ही पोस्ट त्यांना दाखवली तर दाखवू दे.

दुर्बिणीतून करतात म्हणजे काय करतात, काका? पोटाला चार-पाच भोकं पाडतात. आत हत्यारं फिरवायला जागा पाहिजे म्हणून कार्बन डायऑक्साइड भरून पोट फुग्यासारखं फुगवतात. मग जठराचा पाऊण भाग स्टेपल मारून कापतात आणि त्याच एवढ्याशा भोकातून बाहेर ओढून काढतात. मागं राहते ती केळ्याएवढी नळी, आणि तिच्या एका कडेला वरपासून खालपर्यंत पिनांची शिवण. बाहेरून बघणाऱ्याला दिसतात पाच पट्ट्या. त्यामुळं आलेला प्रत्येक जण पट्ट्या मोजतो आणि निकाल देऊन मोकळा होतो.

बरं, वीतभर फाडायचे तेव्हा हाल जास्त व्हायचे, हे खरं. मान्य. पण म्हणून आता दुखतच नाही असं कुठाय?

त्या पोरानं खांदा धरलेला बघितला आणि मला माझ्या याच ऑपरेशननंतरची दुसरी रात्र आठवली. साडेतीन वर्षं झाली. तुमच्यातले बरेच जण मला १३८ किलोचा असताना ओळखायचे. बीएमआय (उंचीच्या मानानं वजन किती त्याचा आकडा) ४६, शुगर, रात्री तोंडाला मशीन लावून झोपायचं, आणि रंकाळ्याला चालायला गेलो की पहिल्या बाकड्यावरच मुक्काम. ऑपरेशनचं सांगितलं तेव्हा गोड आवाजात एक वाक्य होतं, "सुरुवातीला थोडा त्रास होईल." थोडा! हॉस्पिटलचं नाव घेत नाही, काम त्यांनी चोख केलं. पण तो 'थोडा' मला कुणीतरी उलगडून सांगायला पाहिजे होता.

तर दुसरी रात्र. अडीच-तीन वाजले असतील. डाव्या खांद्यात अशी कळ मारली की म्हटलं संपलं, हार्ट अटॅक. बेल दाबली. सिस्टर आल्या, ईसीजी काढला, डॉक्टरना फोन लावला, सगळं व्यवस्थित. मग सांगितलं, "गॅस आहे सर." मला रागच आला. खांद्यात कसला गॅस? मी काय खुळा आहे का?

पण तो खरंच गॅस असतो. पोटात भरलेला नंतर काढून टाकतात, तरी थोडा आत राहतोच, आणि तो वर जाऊन श्वासपटलाखाली, म्हणजे छाती आणि पोटामधल्या पडद्याखाली, बसतो. श्वासपटलाची नस मानेतून येते, खांद्याची पण तिथूनच. मेंदूची गल्लत होते. कळ उठते एकीकडे आणि तो दाखवतो खांद्याकडे. म्हणून खांदा कितीही चोळा, बाम लावा, शेका, फरक शून्य. आज तिथं एक काकू त्याला सांगत होत्या, "जरा सोडा पी, ढेकर आली की मोकळं वाटंल." अहो, हा गॅस आतड्यात नाहीच मुळी! तो बाहेर, पोटाच्या पोकळीत आहे. ढेकरेतून तो निघणार कसा? तो हळूहळू रक्तात शोषला जातो आणि श्वासावाटे जातो, दोन-चार दिवस घेतो. आणि त्या नव्या नळीत कुणी सोडा ओतला असता तर काय झालं असतं, विचार करवत नाही. फसफसणारं काहीही बंद असतं त्याला. काकूंनी हिंग बेंबीला लावायचं पण सुचवलं. पण ताज्या टाक्यांजवळ तेही नको.

मला त्या रात्री सिस्टरनी सांगितलं, चाला. पोटाला पाच भोकं, हाताला सलाईन, पायात ते पांढरे घट्ट मोजे, आणि म्हणे चाला. मी म्हटलं सकाळी बघू. तेवढ्यात वॉर्डातल्या मावशी आल्या. साठीच्या असतील, काटक. "उठा साहेब, झोपून न्हाई जायाचं ते." कूस वळवून, हातावर जोर देऊन उठायचं त्यांनीच शिकवलं, पोटावर ताण न देता. उशी पोटाला घट्ट धरून खोकायचं, हेही त्यांनीच.

आता हे लिहू का नको, पण लिहितो. हॉस्पिटलचा तो गाऊन माझ्या अंगाला पुरत नव्हता. मागून सगळा उघडा. पंचेचाळीस वर्षांचा बाप्या, मध्यरात्री, पॅसेजमध्ये, मागं हात धरून उभा. मावशी काही बोलल्या नाहीत. बेडवरची चादर ओढली, माझ्या कमरेला गुंडाळली आणि पुढं गाठ मारली. बाजूला, टाक्याला लागणार नाही अशी. मग सलाईनचा स्टँड स्वतः धरला. त्याचं एक चाक वाकडं होतं, सारखं भिंतीकडं पळायचं. दर चार पावलांनी मावशी त्याला पायानं ढोसून सरळ करायच्या. ठक, चालायचं. ठक, चालायचं. सात चकरा मारल्या. खांदा थांबला असं नाही, पण श्वास पुरायला लागला.

चालणं फक्त गॅससाठी नसतं, हे मला नंतर कळलं. जाड माणूस ऑपरेशननंतर पडून राहिला तर पायात रक्ताची गुठळी होऊ शकते आणि ती फुप्फुसात गेली तर खेळ खल्लास होऊ शकतो. त्यासाठीच ते मोजे, त्यासाठीच पोटात रोज टोचायचं ते इंजेक्शन, ज्यानं माझं पोट निळं-जांभळं झालं होतं. आणि ते तीन गोळ्यांचं प्लास्टिकचं यंत्र, श्वास आत ओढून गोळ्या वर उचलायच्या, म्हणजे फुप्फुसं नीट उघडतात. पहिल्या दिवशी माझी एकच गोळी उठली होती, तीही कशीबशी. आज त्या पोराचं यंत्र बघितलं तर त्याची चार वर्षांची लेक त्यात फुंकर मारून खेळत होती. घरातल्या एकालाही ते कशासाठी दिलंय हे माहीत नव्हतं.

चिडून उपयोग नाही. चहा करून आलो. अर्धा कप.

खरं तर राग चुलत्यांचा नाहीच फार. राग या गोष्टीचा की अशा वेळी आपली माणसं दोनच कामं करतात, एक तर त्रासाला हसतात नाहीतर खायला घालतात. त्याची आई, म्हणजे आमच्या काकी, डोळ्यात पाणी आणून म्हणत होत्या, "दोन घास भात तरी खा रे, पेजेवर माणूस जगतंय व्हय?" आता या माउलीला काय बोलायचं? आयुष्यभर तिनं पोराला जीव लावला तो ताटातूनच. माझ्या आईनं पण हेच केलं होतं. आपल्या कोल्हापुरात माणूस येऊन न जेवता गेला तर आपण ते मनाला लावून घेतो, आणि इथं तर घरचा पोरगा पंधरा दिवस नुसत्या पाण्यावर.

मला दिला होता तो औषध मोजायचा छोटा कप, ३० मिलीचा. दर पंधरा मिनिटांनी एक. तोही घटाघट नाही, घोट घोट. नारळपाणी, वरणाचं पाणी, गाळलेली पेज, पातळ ताक. तिसऱ्या दिवशी मी शहाणपणा केला. बायको खाली औषधं आणायला गेली होती, घसा कोरडा पडलेला, ताकाचा पेला समोर. एकदम अर्धा ढोसला. देवा! छातीच्या मधोमध कुणी धोंडा ठेवल्यासारखं. घाम फुटला, तोंडात नुसता फेस, लाळ गिळता येईना. मग उलटी, आणि उलटी होताना आतली शिवण सुटणार की काय ही भीती. मावशींनी पाठीवर हात ठेवला आणि एवढंच म्हणाल्या, "घाई केलीसा." ओरडल्या नाहीत. बायकोला पण सांगितलं नाही त्यांनी. मीच सांगितलं, वर्षभरानं.

भुकेचं तर वेगळंच. भूक लावणारं जे रसायन असतं ते बरंचसं त्या कापलेल्या भागातच तयार होतं, त्यामुळं पोट मागत नाही. खरंच नाही मागत. पण घरी आलो तो रविवार होता. कोल्हापुरातला रविवार! अकरा वाजता शेजारच्यांच्या कुकरची शिट्टी झाली आणि तांबड्याचा वास खिडकीतून आत आला. मी रडलो. हुंदके देऊन. आतल्या खोलीत, दार लावून, ३० मिलीचा कप हातात घेऊन. भूक नव्हती हो, पण आता हे कधीच नाही, असं वाटलं. आणि हे आपण होऊन, पैसे भरून करून घेतलंय, असंही वाटलं. चौथा-पाचवा दिवस तसाच असतो. अंगात त्राण नसतं, झोप तुटक, पोट साफ होत नाही, आणि "केलं ते चुकलं" हे डोक्यात घुमत राहतं. ज्या ज्या ऑपरेशन झालेल्यांशी मी बोललोय, जवळजवळ सगळ्यांनी हे सांगितलंय. आणि जवळजवळ सगळ्यांनी ते घरच्यांपासून लपवलं होतं, कारण लगेच कुणीतरी म्हणणार, "सांगत होतो, डाएट कर."

हो, डाएट. २०११ साली गडकरींनी वजन उतरवायचं ऑपरेशन करून घेतलं तर कौतुक, आणि आमच्या ऑफिसातल्या क्लार्कनं केलं की शॉर्टकट. पंधरा वर्षं डाएट केलं होतं मी. दर वेळी दहा किलो उतरायचे आणि बारा चढायचे. ज्याला व्यायामानं जमतं त्यानं जरूर करावं, कुणी अडवलंय? आणि ऑपरेशननंतर हात सैल सोडला तर वजन परत चढतं, हेही कबूल. माझंच चार किलो चढलंय, दिवाळीत. पण त्या पाचव्या दिवशी, सोफ्यावर खांदा धरून बसलेल्या पोरासमोर ही चर्चा कशाला?

एक गोष्ट मात्र गंभीरपणे. दुखणं, मळमळ, थकवा हे सगळं धरून चालायचं. पण नाडी शंभर-सव्वाशेनं धडधडायला लागली आणि खाली येईना, ताप भरला, धाप लागली, पोटाची कळ कमी व्हायच्या ऐवजी वाढत चालली, पोटरी सुजली, तर चुलत्यांना विचारू नका, मलाही विचारू नका. रात्रीचे दोन वाजलेले असले तरी सर्जनना फोन. शिवण गळत असेल तर ती वाट बघत नाही. आणि मेडिकलमधून स्वतःच्या मनानं दुखण्याच्या गोळ्या आणू नका, कोपऱ्यावरचा दुकानदार ज्या सहज देतो त्यातल्या बऱ्याच या नव्या पोटाला चालत नाहीत. दिलेलीच घ्यायची. बस, डॉक्टरकी संपली माझी.

तर आज मी काय केलं? टीव्ही बंद करायला सांगितलं. वहिनींना म्हटलं, याला जरा गॅलरीपर्यंत नेतो. तो नको म्हणाला. "दादा, उद्या बघू." मी म्हटलं, कुशीवर वळ आधी, मग हातावर जोर दे. उठला. लुंगीची गाठ बरोबर मधल्या टाक्यावर आली होती. "सोड, बाजूला मार," म्हटलं. त्यानं मारली. मग सोफ्यापासून गॅलरी, गॅलरीपासून देवघर. चुलते पाय आखडून घेत होते दर वेळी आम्ही समोरून गेलो की. तिसऱ्या चकरेला तो हळूच म्हणाला, "दादा, चुकलं का हो माझं?" मी म्हटलं, पाचव्या दिवशी मलाही हेच वाटलं होतं. एवढंच. जास्त काही सुचलं नाही. पण त्यानं खांद्यावरचा हात काढला होता. दुखायचं थांबलं म्हणून की मला धरायला लागलं म्हणून, माहीत नाही.

निघताना स्वयंपाकघरात गेलो. काकींनी पेज गाळून ठेवली होती, वाटीभर, वर तुपाची धार. म्हटलं, काकी, तूप नको आत्ता, आणि वाटी पण नको. तो छोटा कप धुऊन त्यांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा लावला, कप उजेडात धरला, ३० ची रेघ शोधली, तिच्यावर अंगठ्याचं नख ठेवलं.

"एवढंच?"

"एवढंच. पंधरा मिनिटांनी परत."

"अरे, चिमण्यांना ठेवते मी यापेक्षा जास्त," म्हणाल्या, आणि रेघेपर्यंत मोजून पेज ओतायला लागल्या.